राजाभाऊजींचे दात

दीर-भावजयीच्या थट्टामस्करीचे किस्से सांगलीत आमच्या गावभागात घरोघरी ऐकायला मिळतात. रोज रात्री जेवणं झाल्यावर दिराचे दात घासून देणारी भावजय मात्र मला अजून दुसरी भेटलेली नाही. असेलही कुठंतरी. भेटली तर तिच्याशी मला निवांत बोलायचं आहे, कारण या एका विषयावर माझ्याकडं आता बरंच साठलंय.

राजाभाऊजी माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. वय चव्वेचाळीस. त्यांना डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे पेशीपेशीत एकविसाव्या गुणसूत्राची जोडी असायची तिथं तीन आहेत. घरात आणि गल्लीत सगळे त्यांना राजा आणि तू म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून भाऊजी आणि तुम्ही म्हणते, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान आहे. आमची पिठाची गिरणी आहे. तिथं डबे लावून ठेवायचं काम त्यांचं. कुणाची ज्वारी, कुणाचा गहू, कुणाला जाडसर दळण लागतं, हे त्यांना चिठ्ठीशिवाय ठाऊक असतं. पट्ट्याजवळ जायचं नाही हा नियम ते माझ्या मुलापेक्षा कडक पाळतात.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर हा माणूस बिघडला. भाकरीचा पापुद्रा बाजूला काढून ठेवायला लागले आणि उरलेली आमटीत भिजवून गिळायला लागले. भडंग समोर ठेवलं तर ताटली सरकवून द्यायचे. सांगलीत जन्मलेला माणूस भडंगाला नाही म्हणतोय म्हटल्यावर मला तरी तेव्हाच खटकलं होतं. मग एक दिवस गिरणीत एका गिऱ्हाइकाचा डबा लाथेनं उडवला. असं त्यांनी कधी केलेलं नव्हतं. रात्री उठून ओट्याजवळ उभे राहायचे. काय होतंय विचारलं की "काय न्हाई".

प्रत्येकानं आपापलं कारण लावलं. सासूबाईंच्या मते दृष्ट. नवऱ्याच्या मते पोरं गिरणीत येऊन चिडवत असणार. ओळखीच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, की अशा लोकांना विसरण्याचा आजार लवकर होतो, चाळिशीनंतर सुरू होऊ शकतो, मनाची तयारी ठेवा. यात खोटं काही नव्हतं. डाउन सिंड्रोममध्ये अल्झायमर खरोखरच लवकर येतो, थायरॉईडही पुष्कळांचं बिघडतं. थायरॉईड तपासलं, ठीक निघालं. आम्ही सगळे मेंदूच्या वाटेनं निघालो होतो.

दुखणं सापडलं ते न्हाव्याला. भाऊजी दर रविवारी दाढीला जातात. त्या रविवारी कारागीर त्यांना घरापर्यंत सोडायला आला आणि दारातच म्हणाला, "वहिनी, ह्ये उजव्या गालाला हातच लावू देत न्हाईत. डावीकडची केली, उजवी तशीच ऱ्हायली बगा." अर्धी दाढी केलेले भाऊजी त्याच्या मागं उभे. मोबाईलचा उजेड पाडून तोंडात बघितलं, तर खालच्या उजव्या दाढेशी हिरडीवर पिकलेला फोड होता आणि पुढचे खालचे दात बोटानं हलत होते.

यानंतर मी जे शिकले त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं इथंच सांगून टाकते. ज्याला दुखतंय हे नेमकं सांगता येत नाही, त्याचं दुखणं वागण्यातून बाहेर पडतं. खाणं बदलतं, झोप बदलते, एका बाजूनंच चावणं सुरू होतं, गालावर चापट मारून घेणं, चिडणं, आवडतं काम सोडणं. आणि आपण ते सगळं त्याच्या अपंगत्वाच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. मी पतसंस्थेत काम करते. चुकीच्या खात्यावर पडलेली रक्कम शोधायला किती त्रास होतो मला माहीत आहे. ही तर वर्षानुवर्षं पडून राहते.

पहिला दवाखाना घराजवळचाच होता. नाव घेत नाही. भाऊजींना खुर्चीवर बसवलं, खुर्ची एकदम मागं झाली, वरचा दिवा डोळ्यांवर आला, आणि भाऊजी उठून थेट जिन्यात. डॉक्टर वाईट बोलले नाहीत, पण बोलले ते सगळं माझ्याशी. यांना झोपेची गोळी देऊन आणा म्हणाले. मग म्हणाले, असे पेशंट नीट घासत नाहीत, एकदा सगळे दात काढून कवळी करून टाका, तुमचीही कटकट जाईल. भाऊजी जिन्यात उभे राहून ऐकत होते. घरी आल्यावर त्यांनी सासूबाईंना आपले दात एकेक करून दाखवले आणि विचारलं, "सगळे?"

कवळीबद्दल मला नंतर कळलं. डाउन सिंड्रोममध्ये तोंडाच्या मानानं जीभ मोठी पडते, ओठ-गालांचे स्नायू सैल असतात. कवळी टिकते ती याच स्नायूंच्या आणि जिभेच्या आधारानं. त्यामुळं यांच्या तोंडात ती हलते, निघते, आणि बरेच जण ती डबीतच ठेवून देतात. म्हणजे सगळे दात काढणं ही सोय घरच्यांची आणि डॉक्टरांची. चावायचं काय, हा प्रश्न ज्याचा त्याला राहतो.

सांगलीकरांच्या नशिबानं आपल्याकडं दातांची कॉलेजं जवळ आहेत. वानलेसवाडीला भारती विद्यापीठाचं, कवलापूरला वसंतदादांच्या नावाचं, आणि कराडकडच्यांना कृष्णाचं. कॉलेजात शिकाऊ मुलं असतात, वेळ फार जातो, खासगीत तासात होणाऱ्या कामाला चकरा माराव्या लागतात. या सगळ्या तक्रारी खऱ्या. पण आम्हाला नेमका वेळच हवा होता, आणि तिथं तो पोतंभर मिळतो. त्यातल्याच एका कॉलेजात आम्ही केसपेपर काढला.

तिथं पहिला पेच पडला तो विभागाचा. विशेष गरजा असलेल्या मुलांचे दात बघायचं शिक्षण आपल्याकडं बालदंत विभागातल्या डॉक्टरांना मिळतं. पण ती मुलं मोठी होतात, हे अभ्यासक्रम आखणाऱ्यांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. ब्रिटनमध्ये अशा रुग्णांसाठी 2008 पासून दंतवैद्यकाची वेगळी शाखाच मान्य आहे. आपल्याकडच्या एमडीएसच्या, म्हणजे दातांच्या डॉक्टरांच्या पुढच्या पदवीच्या, शाखांत ती नाही. त्यामुळं चाळिशी ओलांडलेला, मिशी राखणारा माणूस हिरड्यांच्या विभागातून मुलांच्या विभागात आणि मुलांच्या विभागातून पुन्हा हिरड्यांकडं. शेवटी मुलांच्या विभागातल्या एका एमडीएस करणाऱ्या मॅडम म्हणाल्या, मी बघते. भिंतीवर ससे आणि हत्ती रंगवलेले. भाऊजींनी आत नजर टाकली आणि दारातच थांबले. "मी काय बारकं पोरगं हाय?"

मॅडमनी हसून दुर्लक्ष केलं नाही. "नाही दादा, खुर्ची चांगली इथली आहे म्हणून बोलावलं," म्हणाल्या आणि मोठ्या माणसांच्या हॉलमधली एक खुर्ची मागून घेतली. त्या दिवसापासून उपचार त्या हॉलमध्ये, डॉक्टर मुलांच्या विभागाच्या. कागदावर हे कसं बसवलं त्यांनाच माहीत.

त्यांनी पहिल्या दिवशी दाताला हात लावला नाही. फक्त गळवासाठी औषधं लिहून दिली आणि प्रश्न विचारले, आधी भाऊजींना आणि मग मला. हृदयाला जन्मतः काही होतं का? होतं. लहानपणी छिद्र सांगितलं होतं. डाउन सिंड्रोमच्या जवळजवळ निम्म्या मुलांना हृदयाचा काही ना काही जन्मदोष असतो. पण कागद? कागद 2019 च्या पुरात गेले. गावभागातल्या कुणालाही विचारा, कृष्णा त्या ऑगस्टमध्ये काय काय घेऊन गेली. आमची तळमजल्यावरची लोखंडी कपाटातली फाईल लगदा होऊन बाहेर निघाली होती.

म्हणून मिरजेला हृदयरोगतज्ज्ञांकडं जाऊन नव्यानं टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावा लागला. छिद्र आपोआप भरलेलं निघालं. या तपासणीचं कारण असं, की दात काढताना किंवा हिरडी खोल साफ करताना तोंडातले जंतू रक्तात उतरतात आणि काही हृदयांत ते झडपेवर जाऊन बसतात. कृत्रिम झडप असलेले, आधी असा संसर्ग होऊन गेलेले, जन्मतः निळं पडणारं हृदय असून ऑपरेशन न झालेले, अशांना उपचाराच्या अर्धा-एक तास आधी अँटिबायोटिकचा एकच मोठा डोस देतात. सरसकट सगळ्यांना देत नाहीत. भाऊजींना गरज नाही, असं हृदयाच्या डॉक्टरांनी लिहून दिलं. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली ती मी लक्षात ठेवली आहे. हिरड्या खराब असतील तर रोज चावताना आणि ब्रश करतानाही जंतू रक्तात जातच असतात. तेव्हा एका दिवसाच्या गोळीपेक्षा रोजचं तोंड स्वच्छ असणं हृदयाला जास्त उपयोगाचं.

दुसरा प्रश्न मानेचा. डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा काहींचा सैल असतो. मान झटक्यानं मागं वाकवली तर मज्जारज्जूला धोका. त्या पहिल्या दवाखान्यात खुर्ची धाडकन मागं गेली होती ते आठवून माझ्या पोटात गोळा आला. इथं खुर्ची अर्धीच मागं, मानेखाली गुंडाळलेला टॉवेल, आणि मान वळवायची तर भाऊजींनी स्वतः वळवायची.

जबड्याचा एक्स-रे काढायचा होता. यंत्र डोक्याभोवती फिरतं, हनुवटी टेकवून, दातांत एक काडी धरून हलायचं नाही. मला वाटलं झालं आता. पण भाऊजींना फोटोची हौस. 'फोटो' म्हटल्यावर ते असे ताठ उभे राहिले की तंत्रज्ञ म्हणाला, एवढं स्थिर कॉलेजची पोरंसुद्धा राहत नाहीत. त्या फोटोत दिसलं, की वरचे दोन दात मुळात आलेच नव्हते, जन्मापासून कमीच. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "दीड वर्साचा झाला तरी पयला दात नव्हता. लोक म्हनायचे, येईल येईल." डाउनमध्ये दात उशिरा येतात, काही येतच नाहीत, आकारानं लहान असतात, मुळं आखूड असतात. कीड मात्र तुलनेनं कमी लागते. घरच्यांचा घोटाळा इथंच होतो. दात वरून पांढरेशुभ्र, एक काळा ठिपका नाही, म्हणून सगळे निर्धास्त. आणि खाली हिरडी आणि हाड वितळत असतं. तोंडानं श्वास घ्यायची सवय, जंतूंशी लढणारी कमी पडणारी ताकद आणि त्यात आखूड मुळं. चाळिशीच्या आत दात हलायला लागतात ते त्यामुळं.

आणि मिश्री. हे लिहिताना घरात महाभारत होणार आहे, तरी लिहिते. आमच्या सासूबाई भाजलेल्या तंबाखूची मिश्री लावतात, त्यांच्या आईही लावायच्या, या भागातल्या त्यांच्या वयाच्या निम्म्या बायका लावतात. भाऊजी लहानपणापासून आईशेजारी बसून बोटावर चिमूटभर घेऊन लावत आले. हिरडी दुखली की आणखी. मॅडमनी भाऊजींना समोर बसवून सांगितलं, मिश्री बंद. ते घरी आले आणि डबीच परसात नेऊन पुरली. सासूबाईंची पण. तिच्यावरून जे झालं ते इथं नको. आता सासूबाईंची वेगळी डबी वरच्या फळीवर असते आणि ती कुठं आहे हे भाऊजी सोडून सगळ्यांना माहीत आहे, असा आमचा समज आहे.

खुर्चीची सवय कशी लागली ते सांगते. मॅडमची पद्धत साधी होती, आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं. आरसा आधी भाऊजींच्या हातात. मग त्यांच्या नखावर ती फिरती पुसणी. मग एका दातावर. काही भेटींत नुसते दात मोजले आणि घरी पाठवलं. नवरा वैतागायचा, रिक्षाचं भाडं देऊन दात मोजायला जाता काय म्हणून. पण दर वेळी भाऊजी आधीपेक्षा जास्त वेळ बसायचे. डावा हात वर केला की थांबायचं, असं ठरलं होतं. सुरुवातीला ते उगाच हात वर करून बघायचे, मॅडम खरंच थांबतात का. त्या थांबायच्या. मग हात कमी वर जायला लागला.

गंमत म्हणजे आम्ही सगळे ज्याला भीत होतो त्या मशिनच्या आवाजाचं त्यांना काहीच वाटलं नाही. जन्म गिरणीत गेलेला माणूस तो. त्रास होता तो दिव्याचा आणि पाठ टेकण्याचा. दिव्यावर उपाय त्यांनीच शोधला. गणपतीच्या जत्रेत घेतलेला काळा गॉगल घालून आले आणि तसेच खुर्चीत बसले. हॉलमधल्या पोरी हसल्या, मॅडमनी तो चालवून घेतला. तेव्हापासून गॉगलशिवाय तोंड उघडत नाहीत.

भीती कमी व्हावी म्हणून नाकावर मास्क लावून देतात त्या गॅसचा विचार झाला होता, पण तो नाकानं ओढावा लागतो आणि भाऊजींचा श्वास तोंडानं. पूर्ण भूल देऊन एकदाच सगळं उरकावं असंही एका सरांचं मत होतं. तिथं एक कागदी प्रश्न उभा राहिला, संमतीची सही कुणी करायची, आणि तो बऱ्याच घरांना ठाऊक नसतो. अठरा वर्षं पूर्ण झाली की आईबापसुद्धा कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मोठ्या माणसासाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालक नेमून घ्यावा लागतो. जिल्ह्यातली समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते. सासरे गेल्यावर आमच्याकडं कुणीच ते केलं नव्हतं. आता नवऱ्यानं अर्ज केला आहे. त्याच न्यासाची 'निरामय' विमा योजना आहे, एक लाखापर्यंतची, वैद्यकीय तपासणीशिवाय मिळणारी. त्यात दातांच्या उपचारालाही जागा आहे. बिलं मात्र सांभाळून ठेवा, आणि तळमजल्यावर नको.

भूल शेवटी लागली नाही. दाढ आणि एक पुढचा दात काढला, बाकीच्यांची सफाई हिरडी बधिर करून, तोंडाच्या एकेका बाजूची वेगवेगळ्या दिवशी केली. बधिर केल्यावर घरी एक सांभाळायचं असतं. ओठ आणि गाल जड झालेले असतात, दुखत नाही, म्हणून हे लोक तो चावत बसतात आणि संध्याकाळी रक्तबंबाळ होतो. बधिरता उतरेपर्यंत खायला नाही आणि नजरेआड सोडायचं नाही. भाऊजींना मी पतसंस्थेतले जुने स्लिपबुक दिले फाडायला. हात कामात असले की तोंड गप्प राहतं.

भूल लागली ती आमच्या ओळखीत झालेल्या एका मुलीला. तासगावकडची, अकरा-बारा वर्षांची, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळं हालचालींवर ताबा नाही, व्हीलचेअरवर. बाहेरच्या बाकावर तिची आई आणि मी तासन्‌तास बसलेलो आहोत. घरचा बेदाणा पिशवीतून आणायची, आणि दातांच्या दवाखान्यात बसून आम्ही तो चिकट बेदाणा खायचो, याचं दोघींनाही हसू यायचं. मुलीला फिट्स येतात म्हणून लहानपणापासून एप्टोइन चालू. त्या औषधानं हिरड्या वाढतात. तिच्या इतक्या वाढल्या होत्या की पुढचे दात अर्धे झाकले गेले होते. आईला वाटायचं, पोरीचे दात खुजे आहेत. डॉक्टरांनी तिला पुन्हा पुन्हा बजावलं, की औषध परस्पर बंद करायचं नाही. मेंदूच्या डॉक्टरांशी बोलून बदलता येतं का ते बघू, पण एक दिवसही चुकवायचं नाही. तिला खुर्चीत तोंड उघडं ठेवणं शक्यच नव्हतं. काही तोंडात घातलं की जबडा आपोआप मिटायचा. हट्ट नव्हे, ती प्रतिक्षिप्त क्रिया. तिच्यासाठी भूलच योग्य होती. रात्रीपासून उपाशी, भूलतज्ज्ञ हजर, आणि एकाच बैठकीत किडलेले दात भरले, दोन काढले, हिरडी छाटली. संध्याकाळी आई म्हणाली, आता हिचे दात दिसतात तरी. फिटचं सिरप गोड असतं आणि रात्री झोपताना दिलं की तसंच दातावर राहतं, हेही तिला तिथंच कळलं. आता ती सिरपनंतर ओल्या फडक्यानं तोंड पुसते.

या मुलीला नेताना एक दिवस लिफ्ट बंद होती. आई तिला उचलून दोन मजले चढली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 25 आहे. सरकारी आणि खासगी दोन्ही दवाखान्यांत अडथळ्याविना प्रवेश आणि उपचारात प्राधान्य, असं त्यात लिहिलेलं आहे. मी त्याची प्रत काढून पर्समध्ये ठेवली आहे. रांगेत ती दाखवल्यावर कारकुनांचे चेहरे बघण्यासारखे होतात. कधी पुढं सोडतात, कधी "बसा" म्हणतात.

घरचं काम आता. सुरुवातीला मी समोर उभी राहून ब्रश करायला गेले आणि भाऊजींनी ब्रश चावून धरला. मॅडमनी दाखवलं, मागून करायचं. भाऊजी आरशासमोर बुटक्या स्टुलावर, मी पाठीमागं उभी, त्यांचं डोकं माझ्या पोटाशी टेकलेलं, डाव्या हातानं हनुवटी. सासूबाईंनी हे पहिल्यांदा पाहिलं आणि आतल्या खोलीत निघून गेल्या. दोन दिवस बोलल्या नाहीत. मोठ्या दिराच्या समोर पदर सावरणाऱ्या पिढीची बाई ती. धाकट्याचं असलं तरी चालत नसावं. मग एका रात्री स्वतः टॉवेल घेऊन आल्या आणि भाऊजींच्या गळ्याशी धरून उभ्या राहिल्या. त्यावर आमचं आजतागायत बोलणं झालेलं नाही.

ब्रश अगदी मऊ, डोकं लहान मुलांच्या ब्रशाएवढं. दांडा त्यांच्या आखूड बोटांत धरवत नव्हता, म्हणून नवऱ्यानं सायकलच्या हँडलची रबरी मूठ कापून चढवली. सकाळचा ब्रश भाऊजी स्वतः करतात, जमेल तसा. रात्रीचा माझा. दातांवर घासण्यात अर्थ नाही, दात आणि हिरडी जिथं मिळतात त्या रेघेवर ब्रश तिरका टेकवून हलकं हलकं. सुरुवातीला रक्त येतं. रक्त येतंय म्हणून थांबायचं नाही, थांबलं की वाढतं. पेस्ट वाटाण्याएवढी, कारण ते गिळतात. चूळ भरून थुंकणं जमत नाही, म्हणून क्लोरहेक्सिडीनचं जंतुनाशक औषध कापडावर घेऊन हिरडीवर फिरवायला दिलं होतं, थोड्या दिवसांपुरतंच. जास्त वापरलं तर दात तपकिरी होतात, आणि पेस्टनंतर लगेच लावलं तर त्याचा गुण जातो, मध्ये अर्धा तास सोडायचा. मी माहेरी गेले की हे सगळं माझा मुलगा करतो. अकरावीला आहे. काका त्याच्याकडून तक्रार न करता करून घेतात आणि माझ्यापाशी त्याची तक्रार करतात.

भडंग परत सुरू झालंय. गिरणीतलं भांडण थांबलं. विसरण्याचा आजार येईल तेव्हा येईल, हे दोन वर्षांपूर्वीचं दुखणं मात्र दाढेचंच होतं.

दर तीन महिन्यांनी सफाईला जायचं आहे. एमडीएस तीन वर्षांचं असतं, त्यामुळं आमच्या मॅडम गेल्या मे महिन्यात पास होऊन गेल्या. कॉलेजच्या पेशंटांचं हे ठरलेलंच. जाण्याआधी त्यांनी माझ्याकडून एक पान लिहून घेतलं आणि केसपेपरला जोडलं. इको कधी झाला आणि काय निघालं. मान मागं टाकायची नाही. खुर्ची अर्धीच. डावा हात वर केला की थांबायचं, खरोखर थांबायचं. गॉगल. बोलायचं त्यांच्याशी, मग वहिनीशी. बाळा म्हणायचं नाही. नवे डॉक्टर कोल्हापूरचे आहेत, उंच, जरा घाईचे. त्यांनी पान वाचलं, भाऊजींना "नमस्कार राजाभाऊ" म्हटलं आणि घाई निम्म्यावर आणली.

सध्या खालचा आणखी एक दात हलतोय. डॉक्टर म्हणतात, शेजारच्या दातांना बारीक तारेनं बांधून बघू, काही वर्षं निघतील. नवरा म्हणतो, काढून टाका एकदाचा. भाऊजींना विचारलं तर ते म्हणाले, "बांदा." दसऱ्यानंतरची तारीख मिळाली आहे.